आंबट जर्दाळूंचा मेथांबा करा

हिमाचल-काश्मीरचे ताजे जर्दाळू नागपुरात उन्हाळ्यात थोडेच दिवस दिसतात, तेव्हा दिसले की घ्याच. लालसर गालांवर जाऊ नका, ती लाली उन्हाची असते. हिरवट झाक नको, बोटाने जरासं दबावं आणि नाकाशी धरलं की वास यावा. कडक असतील तर कागदी पिशवीत दोन दिवस बाहेर ठेवा. मऊ होतील, पण गोडी फारशी वाढणार नाही. पिकले की मात्र लगेच फ्रीजमध्ये. आपल्या गरमीत ते संध्याकाळपर्यंतही थांबत नाहीत.

आंबट निघालेल्यांचा मेथांबा तर कैरीच्या तोडीचा होतो! अर्धा किलो जर्दाळूंच्या बिया काढून फोडी करा, साल राहू द्या. तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे (लालसर होऊ द्या, काळे झाले की कडू), हिंग, हळद, तिखट. मग फोडी, मीठ आणि दीडशे ग्रॅम गूळ. पाणी घालू नका, रस आपोआप सुटतो. फोडी कैरीपेक्षा लवकर गळतात, म्हणून पाच-सात मिनिटांत गॅस बंद करा. गरम पोळीसोबत खा.

बिया फोडून आतला कडू गर मुलांना देऊ नका. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं.