परदेशात नवीन आलात? जुनं सामान घेण्या-देण्याबद्दल थोडं

पहिल्या आठवड्यात गादी, उशी आणि पांघरुणं सोडून नवं काही विकत घेऊ नका. टेबल, खुर्च्या, भांडी, इस्त्री, पुस्तकांचं कपाट हे सगळं तुमच्याच वस्तीत कुणाला तरी घराबाहेर काढायचं असतं. वस्तू भरपूर असतात. अडतं ते देणाऱ्याची तारीख आणि घेणाऱ्याची गाडी जुळत नाही म्हणून.

महिनाअखेरीला भाडेकरार संपतात आणि शैक्षणिक वर्ष संपलं की विद्यार्थी खोल्या रिकाम्या करतात. तेव्हा इमारतीचा सूचनाफलक आणि तिथल्या मराठी मंडळाचा ग्रुप रोज बघा. फुकट देवघेवीसाठी २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं फ्रीसायकल आणि २०१३ मधलं बाय नथिंग, दोन्ही आता बऱ्याच देशांत आहेत. तुमच्या भागातला गट चालू आहे का, ते तपासा.

मागताना नुसतं 'अजून आहे का?' असं विचारू नका. 'आज सात वाजता दोघं गाडी घेऊन येतो, चालेल?' असं लिहा. देणाऱ्याला वस्तू हलायला हवी असते, त्यामुळे वेळ सांगणाऱ्याला ती आधी मिळते.

निघण्यापूर्वी आपल्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली उंची आणि जिन्याच्या वळणावरची जागा मोजा. सोफ्याची उंची किंवा पुढून मागेपर्यंतचं माप, यातलं एक तरी दाराच्या रुंदीपेक्षा कमी हवं. फ्रिज चालू असताना बघा आणि उभाच आणा. आडवा ठेवला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं आणि लगेच चालू केल्यास कॉम्प्रेसर बिघडू शकतो. आडवा आणावाच लागला तर घरी रात्रभर उभा ठेवून मगच चालू करा. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगवर टांगलेला असतो. तो प्रवासात जखडून ठेवणारे बोल्ट मालकाकडे मागा, नाहीतर धक्क्यांनी आतले भाग तुटतात. मायदेशातून आणलेलं उपकरण जोडताना त्यावरची चिठ्ठी वाचा. '१००–२४० व्होल्ट' असेल तर दोन्हीकडे चालेल. नुसता प्लग बदलून व्होल्टेज बदलत नाही.

ढेकणांच्या बाबतीत भीड ठेवू नका. टॉर्च घेऊन शिवणी, स्क्रूची भोकं आणि पलंगाचे सांधे बघा. शाईसारखे काळे ठिपके किंवा गळलेली कातडी दिसली की वस्तू तिथेच सोडा. रस्त्यावर टाकलेला गादीचा सोफा तर घेऊच नका. आलेले कपडे, कापडाला सोसत असेल तर, ड्रायरमध्ये सर्वात जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा आणि मगच कपाटात ठेवा.

बाळाची कार सीट आणि हेल्मेट अनोळखी माणसाकडून घेऊ नये. अपघातात बसलेला मार बाहेरून दिसत नाही, शिवाय सीटला वापराची मुदतही असते. फोन घेताना मालकाला तुमच्यासमोर त्याच्या खात्यातून बाहेर पडायला सांगा. वस्तू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तुम्ही विकत असताना कुणी 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा' म्हणालं, तर व्यवहार तिथेच थांबवा. त्याचं पेमेंट नंतर रद्द होतं आणि तुम्ही परत केलेले पैसे मात्र जातात.

देण्याची वेळ प्रत्येकावर येते, आणि ढिलाई तिथेच जास्त होते. दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा, त्यातला एक खरचटलेल्या किंवा मोडक्या जागेचा. मापं, मजला, लिफ्ट आहे की नाही, उचलायला किती माणसं लागतील आणि शेवटची तारीख पहिल्याच निरोपात लिहा. खोट लपवली तर आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जातो आणि तुमचा दिवस वाया जातो. एकाला 'हो' म्हटलं तरी दुसरं नाव राखून ठेवा. ठरल्या वेळेनंतर तासभर वाट बघायची, मग पुढच्याला फोन करायचा.

भुशाच्या फळीचं कपाट दारातून जात असेल तर अखंडच द्या. ते खोलून जोडताना स्क्रूची भोकं दर वेळी सैल होतात. खोलावंच लागलं तर सगळे स्क्रू एका पिशवीत घालून फळीलाच चिकटवा. स्वयंपाकघरातलं सामान सुटं देऊ नका, एक खोकं भरून द्या. नाहीतर चांगला कुकर जातो आणि झाकणं उरतात.

जाण्याच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. पुस्तकं आणि जादा खुर्च्या आधी, फ्रिज आणि पलंग शेवटच्या दिवशी, पण घेणारा आधीच ठरलेला हवा. राहिलेलं फुटपाथवर ठेवू नका. पावसात ते कुजतं आणि अनेक शहरांत त्याबद्दल दंडही होतो.

मंडळाने एक सामाईक तक्ता ठेवावा: वस्तू, मजला, कधीपासून, कधीपर्यंत, कोण नेणार. सोबत दोन चाकांची ढकलगाडी, दोन पट्टे, चार जुनी ब्लँकेट्स आणि ॲलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) संच एकाच घरी असावा. ज्याला लागेल त्याने न्यावं आणि त्याच दिवशी परत आणून ठेवावं.