उजनीच्या उथळ पाण्यात बदकं पाहण्यासाठी बोट घेताना: तळापासूनची तयारी

बोट पाहायला जाण्याआधी पाणी पाहून या, आणि तेही फेब्रुवारीतलं. पावसाळा सरताना उजनी धरण भरलेलं असतं, तेव्हा करमाळ्याच्या काठाला कुठलीही बोट चालते. पुढं शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटतात, पाणी मागं सरकतं आणि डिसेंबरात जिथं कंबरभर पाणी होतं तिथं घोटाभर पाणी आणि खाली रेबडा उरतो. तलवार बदक, थापट्या, हळदीकुंकू बदक यांना नेमका हाच पट्टा हवा असतो, कारण ती खोल बुडी मारत नाहीत; चोच आणि मान पोचेल एवढ्याच पाण्यात चरतात. एका बांबूवर दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण करा. बांबू अलगद टेकतो ते पाणी, दाबल्यावर आत जातो तो गाळ. दोन्ही मापं वेगळी लिहा. बोट या आकड्यांवर निवडायची.

आपल्याकडं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बदकांची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळं इथं विचार आहे तो निरीक्षणाचा, फोटोंचा आणि जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेचा. पण अमेरिकेत बदकांच्या शिकारीला जी जॉन बोट वापरतात, सपाट तळाची आणि चौकोनी तोंडाची, तिचा आराखडा या कामाला उत्तम बसतो.

आता हिशेब. तळाचा पाण्याला टेकणारा भाग 3.6 मीटर लांब आणि 1.1 मीटर रुंद धरला तर क्षेत्रफळ साधारण 4 चौरस मीटर येतं. म्हणजे दर 40 किलोला बोट 1 सेंटिमीटर खाली बसते. तीन माणसं 210, बोट 120, इंजिन 40, इंधन, कॅमेरे आणि सामान 30, एकूण 400 किलो: बोट 10 सेंटिमीटर बुडणार. चौथा माणूस घेतला की आणखी पावणेदोन. रिकामी बोट पाण्यावर कशी तरंगते ते पाहून सौदा करू नका; पूर्ण वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या भरायला लावा आणि चारही कोपऱ्यांना बुडालेलं माप घ्या. मागचा भाग पुढच्यापेक्षा 5 सेंटिमीटरहून जास्त बसत असेल तर टाकी आणि बॅटरी पुढं सरकवावी लागेल.

व्ही आकाराचा तळ लाटा कापतो, पण तेवढंच वजन उचलायला खोल बसतो आणि गाळात एका कुशीवर कलतो. गोल तळाच्या होडीत कॅमेरा घेऊन उभं राहणं धोक्याचं. म्हणून तळ सपाट, नाळेकडं म्हणजे पुढच्या टोकाकडं हळूहळू वर चढत गेलेला हवा, म्हणजे पाणगवतावर तो सरकत चढतो. मात्र पूर्ण सपाट तळाला वाऱ्यात दिशा धरवत नाही, बोट आडवी वाहते. त्यासाठी तळाला लांबीच्या दिशेनं दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या तीन पट्ट्या असाव्यात. दगडाचा ओरखडाही आधी त्यांनाच बसतो. पाण्याखाली वेड्या बाभळीची खोडं आणि जुन्या गावठाणांच्या भिंती आहेत, हे विसरू नका.

पत्र्याचा भाव करताना वजन विचारा. 2 मिलिमीटर लोखंडी पत्रा चौरस मीटरला जवळपास 16 किलो भरतो, 3 मिलिमीटर ॲल्युमिनियम 8 किलो. लोखंडी बोट स्वस्त पडते, दुरुस्ती कुठंही होते, पण वरचा हिशेब तिथंच कोलमडतो आणि गाळात रुतली तर दोघांना हलत नाही. ॲल्युमिनियमला लोखंडी नट-बोल्ट लावू देऊ नका, जोडापाशी धातू खात जातो. फायबरची जुनी बोट घेताना तळावर नाण्यानं टकटक करत जा. आवाज बद्द झाला तर थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय.

इंजिन ज्यावर अडकवतात त्या मागच्या फळीची उंची आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळली पाहिजे: 15 इंची फळीला आखूड दांडा, 20 इंचीला लांब. लांब दांडा आखूड फळीवर बसवला की पंखा गाळ घुसळतो, आणि थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत चिखल बसून इंजिन तापतं. पंख्याला तळाखाली आणखी वीत-दोन वीत पाणी लागतंच, म्हणून शेवटचं अंतर इंजिन वर उचलून बांबूनंच जायचं. बांबूच्या खालच्या टोकाला आडवी फळी किंवा दुबेळकं (दोन फाट्यांचं लाकूड) बांधा, नाहीतर तो गाळात रुततो आणि काढताना तोल जातो. फळी 15 इंची असेल तर भरल्या बोटीत मागं पाण्याच्या वर जेमतेम 28 सेंटिमीटर उरतात. लाट तिथूनच आत येते. इंजिनापुढं पाणी अडवून बाहेर सोडणारा कप्पा असल्याशिवाय अशी बोट घेऊ नका.

आत रबरी चटई हवीच. पत्र्यावर कॅमेऱ्याचा स्टँड आपटला की अख्खा थवा उठतो. रंग मातकट आणि बिनचमकेचा द्या. पक्ष्यांनी माना उंचावल्या की बांबू थांबवा. त्यापुढं जाणं म्हणजे त्यांचं चरणं मोडणं, आणि चांगल्या फोटोसाठी तेवढी किंमत लावायचा आपल्याला हक्क नाही.

तरंगण्यासाठी कप्प्यांत थर्माकोल भरू नका, पेट्रोल सांडलं तर ते विरघळतं. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम भरा. बोट आणि इंजिन मिळून जेवढे किलो, निदान तेवढे लिटर. लाइफ जॅकेट काठावरूनच बांधून निघायचं. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. सपाट तळाची बोट काठाच्या पट्ट्यासाठीच आहे. तिनं मधलं मोठं पाणी ओलांडायचं नाही, वारा पडलेला असला तरी.

तीच बोट सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर न्यायची असेल तर उजनीच्या काठावरच तळाच्या पट्ट्यांमधली जलपर्णी आणि मुळं हातानं काढा, बूच उघडून आतलं पाणी पूर्ण सांडा, दोन दिवस उन्हात उलटी वाळवा आणि मगच टेम्पोत चढवा.