अँड्रोजेनची रक्ततपासणी : नमुना केव्हा आणि कसा द्यावा

अँड्रोजेन म्हणजे पुरुषी गुणांची संप्रेरके; त्यांतले प्रमुख टेस्टोस्टेरॉन, आणि ते स्त्रियांतही थोडे असते. टेस्टोस्टेरॉनची पातळी झोपेत वाढत जाते, सकाळी सर्वाधिक असते आणि दुपारनंतर उतरते. तरुण पुरुषांत हा चढउतार अधिक ठळक असतो. त्यामुळे पुरुषांनी नमुना सकाळी ७ ते १० च्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यावा, कारण खाल्ल्यानंतरही पातळी काही काळ खाली येते. रविवारची मिसळ नमुना दिल्यानंतरच खावी. नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्यांची 'सकाळ' मात्र वेगळी असते. त्यांनी झोपेच्या वेळा डॉक्टरांना सांगून तपासणीची वेळ ठरवावी. ताप किंवा अन्य तीव्र आजार असताना तपासणी पुढे ढकलावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तसे आधीच सांगावे, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा खोटा येतो; त्या किती दिवस थांबवायच्या, हे डॉक्टर सांगतील.

स्त्रियांच्या तपासणीत अडचण निराळी आहे. त्यांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन फार थोडे असते आणि नेहमीच्या, प्रतिपिंडे वापरून मोजणाऱ्या इम्युनोअ‍ॅसे पद्धतीला इतकी कमी पातळी नीट मोजता येत नाही. म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीची (रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या अधिक अचूक पद्धतीची) सोय आहे का, हे विचारावे. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी चालेल. पाळी नियमित असल्यास नमुना सहसा पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत घेतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पीसीओएससाठी (स्त्रियांमधील संप्रेरकांच्या एका विकारासाठी) केलेल्या तपासणीवर, माझ्या मते, पैसे घालवू नयेत, कारण त्या गोळ्यांमुळे रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन वाढते आणि अँड्रोजेन दबतात. परंतु गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

अहवाल वाचताना आधी एकक पाहावे : ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे १०.४ नॅनोमोल प्रति लिटर. पुरुषांमध्ये ३०० च्या खालची पातळी सामान्यतः कमी समजतात, परंतु एका अहवालावर निदान होत नाही. वेगळ्या दिवशी पुन्हा सकाळी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, तपासणी करावी लागते. गंगापूर रोडवर एकदा आणि नाशिकरोडला एकदा असे केल्यास पद्धतींतील फरकच आकड्यांत उतरण्याची शक्यता असते. स्थूलपणा किंवा मधुमेहात एसएचबीजी कमी असल्याने एकूण टेस्टोस्टेरॉनही कमी दिसू शकते, तेव्हा एसएचबीजी आणि अल्ब्युमिन हे दुसरे प्रथिन मोजून मुक्त, म्हणजे प्रथिनांना न बांधलेले, टेस्टोस्टेरॉन काढतात.

दोन्ही अहवाल कमी आले, तर एलएच आणि एफएसएच (मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारी, वृषणांना चालना देणारी संप्रेरके) या तपासण्या उपचारांपूर्वीच करून घ्याव्यात. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुरू झाल्यावर ही संप्रेरके दबतात आणि दोष वृषणात होता की पीयूषिका ग्रंथीत, हे कळणे अवघड होते.