ब्रॉयलरची उन्हाळी बॅच: आवळा, हळद, शेवगा किती, कधी आणि कशातून

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भसाभसा बाहेर पडतो, रक्ताचा सामू (pH) वाढतो, म्हणजे रक्त अल्कधर्मी होतं, आणि पोटॅशियम विष्ठेवाटे निघून जातं. क जीवनसत्त्व ती एरवी स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते, पण उन्हाच्या ताणात ते पुरत नाही. पुरवणी द्यायची ती या दोन तुटी भरायला. मरतुक सुरू झाल्यावर आवळा देण्यात अर्थ नाही. लाटेचा इशारा आला की चार दिवस आधीपासून द्या.

आधी लिंबाचा हिशोब करू, कारण सगळे लिंबाकडेच धावतात. पाच आठवड्यांचे १००० पक्षी उन्हाळ्यात दिवसाला साधारण १२० किलो खाद्य खातात. खाद्याच्या किलोला २०० मिलीग्रॅम धरलं तर २४ ग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. लिंबाच्या १०० मिली रसात जेमतेम ४०-५० मिलीग्रॅम असतं, म्हणजे रोज ५० लिटर रस! ताज्या आवळ्याच्या १०० ग्रॅम गरात ५०० मिलीग्रॅमच्या आसपास मिळतं, तेव्हा ५ किलो गर पुरतो. उन्हाळ्यात ताजा आवळा नसतो, म्हणून हिवाळ्यातच किसून, सावलीत वाळवून, हवाबंद डब्यात भरून ठेवावा. उन्हात वाळवलेला किंवा उकडलेला आवळा इथे फारसा उपयोगाचा नाही.

खाद्य स्वतःचं असेल तर ५० किलोच्या पोत्याला ५०० ग्रॅम आवळा पूड, २५० ग्रॅम हळद आणि २५० ग्रॅम शेवग्याच्या पानांची पूड. पेलेट म्हणजे गोळी खाद्यावर पूड टिकत नाही, तळाशी बसते आणि पक्षी ती सोडून देतात. त्यामुळे आधी १५० मिली सोयाबीन तेल पेलेटवर चोळा. तिन्ही पुड्या ५ किलो खाद्यात कालवा आणि मग ते पोत्यात मिसळा. तेलामुळे हळदीतलं कर्क्युमिनही जास्त शोषलं जातं. हळकुंडं आणून दळलेली बरी; सुट्या पिवळ्याधमक हळदीत लेड क्रोमेट या शिशाच्या विषारी रंगाची भेसळ सापडते. शेवगा चांगला म्हणून वाढवत नेऊ नका, तंतू वाढतात आणि वजन मार खातं. कालवलेलं खाद्य तीन-चार दिवसांत संपवा. पूड दमट असेल तर बुरशी धरते, आणि उन्हाने थकलेल्या पक्ष्याच्या यकृताला अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष झेपत नाही.

करारावर पक्षी असतील, म्हणजे पक्षी आणि खाद्य कंपनीचं असेल, तर खाद्यात हात घालता येत नाही. कंपनीच्या सुपरवायझरला विचारून पाण्यातून द्या. १ किलो आवळा पूड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात. लोखंडात ठेवली तर पाणी काळं पडतं आणि जीवनसत्त्वही नासतं. पहाटे दुहेरी फडक्यातून गाळून १०० लिटर पाण्यात मिसळा आणि पाच ते साडेनऊ या वेळात संपवा. तुरट चवीमुळे पक्षी कमी प्यायले तर तेवढाच अर्क २०० लिटरमध्ये टाका. या टाकीत ब्लीचिंग पावडर नको, क्लोरीन आवळ्याचा सगळा गुण घालवतं; ते रात्रीच्या पाण्याला वापरा. नंतर पाण्याची लाइन साध्या पाण्याने धुवायची, नाहीतर निप्पल (पक्षी चोचीने दाबून पितात त्या तोट्या) चोंदतात. गूळ आणि ताक निप्पल लाइनमध्ये अजिबात नको, आत बुळबुळीत थर धरतो.

अकरा ते चार क्षारांची वेळ: लिटरला १ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि १.५ ग्रॅम पशुखाद्य प्रतीचं पोटॅशियम क्लोराइड. खताचं पोटॅश चालणार नाही. सोडा आणि आवळा एका टाकीत घातले तर आम्ल-अल्क एकमेकांना मारतात, म्हणून वेळा वेगळ्या. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात सोडियम आधीच भरपूर असतं. तिथे सोडा देऊच नका, आधी पाणी तपासून घ्या. क्षार जास्त झाले की विष्ठा पातळ होते, खाली अंथरलेलं तूस ओलं होतं आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुमचे चुरचुरले म्हणजे पक्ष्यांचे केव्हाच सुरू झालेत.

हे सगळं पाण्यावर अवलंबून आहे, आणि तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. टाकीला पांढरा चुना आणि ओलं बारदान, पाइपवर सावली, दुपारी दोनदा लाइन सोडून गरम पाणी काढून टाकणं, एवढं तरी हवंच. फीडर सकाळी दहाला वर उचला आणि पाचला खाली सोडा. पचनाची उष्णता खाल्ल्यावर काही तासांनी चढते, ती भर दुपारी नको. संध्याकाळी झुंबड उडून पाठी ओरबाडल्या जातात, म्हणून सगळे फीडर भरूनच एकदम खाली सोडा.

मान ताणून आडव्या पडलेल्या पक्ष्याला पुरवणी पाजायला जाऊ नका, पाणी श्वासनलिकेत जातं. त्याला पंख्यासमोर हलवा आणि पाय गार पाण्याने ओले करा.

पाण्यातून लस द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत आवळा, क्षार, क्लोरीन सगळं बंद.