मुलांच्या प्रोजेक्टसाठी क्रूझचा इतिहास शोधताय? आधी तिचा आयएमओ नंबर काढा

शाळेतून ‘एका जहाजाचा इतिहास’ असा प्रोजेक्ट आला की घरोघरी टायटॅनिकच निघते. कृपा करा आणि ती सोडा, अर्धा वर्ग तीच आणतो. त्यापेक्षा मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणारी कॉर्डेलियाची बोट घ्या, कुणाचे तरी काका-मामा तिच्यावर जाऊन आलेले असतात, आणि आपल्याकडे यायच्या आधी तिने बरंच जग बघितलंय.

वही, नेट, मोकळा रविवार हे सगळं आहे असं धरून चालते.

खरी मेख नावात आहे. पोरं गूगलवर ‘कॉर्डेलिया’ टाकतात, मग पॅकेजचे रेट येतात आणि २०२१ मध्ये बोटीवर पडलेल्या ड्रग्जच्या छाप्याच्या बातम्या येतात, दोन्हीचा प्रोजेक्टला काडीचा उपयोग नाही. कॉर्डेलिया ही कंपनी, बोटीचं नाव एम्प्रेस. बरं, नुसतं ‘एम्प्रेस’ टाकावं तर आणखी घोळ, कारण या नावाच्या बोटी ढिगाने झाल्यात. माझ्या भाचीच्या कच्च्या वहीत आपली ही बोट १९१४ साली बुडून हजारावर माणसं गेली असं छान सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं! ती एम्प्रेस ऑफ आयर्लंड, कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत बुडालेली, हिचा तिचा काही संबंध नाही. लोक सांगतात ‘नावाने सर्च कर, मिळेल’, तो सल्ला सरळ कचऱ्यात टाका.

जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडाही बदलतो, पण आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, सात आकडी नंबर त्या जहाजाला एकदा चिकटला की भंगारात जाईपर्यंत तोच. गाडीच्या चासी नंबरसारखं. एम्प्रेसचा आहे ८७१६८९९. विकिपीडियावर उजवीकडच्या चौकटीत मिळतो, जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या मरीनट्रॅफिक साइटवर मिळतो, आणि जहाजावरही मोठ्या अक्षरांत रंगवलेला असतो, मागच्या बाजूचा चांगला फोटो मिळाला तर झूम करून वाचता येतो. पोरांना हे फार आवडतं.

नंबर बरोबर उतरवलाय का हे मुलांकडूनच तपासून घ्या. पहिल्या आकड्याला ७ ने गुणायचं, दुसऱ्याला ६ ने, असं करत सहाव्याला २ ने. म्हणजे ५६, ४२, ५, २४, २४, १८. बेरीज १६९. बेरजेचा शेवटचा आकडा ९, आणि नंबरातला सातवा आकडाही ९. जुळलं! नाही जुळलं तर कुठेतरी आकडा चुकलाय, परत बघा. हे गणित चार्टवर टाकाच, आणि गुणाकार तुम्ही करू नका.

आता हाच नंबर धरून मागे मागे जायचं. वहीत चार रकाने आखा: नाव, मालक, कधीपासून, कुठे वाचलं. चौथा रकाना पोरं टाळतात, तो सोडू देऊ नका. एम्प्रेसचं साधारण असं निघतं: बांधली फ्रान्समध्ये साँ-नाझेरला, जिथे पुढे क्वीन मेरी २ बांधली त्याच यार्डात. ऑर्डर दिली तेव्हा मालक होती अ‍ॅडमिरल क्रूझेस आणि नाव ठरलं होतं फ्यूचर सीज, पण ती कंपनी रॉयल कॅरिबियनमध्ये विलीन झाली आणि १९९० मध्ये बोट आली ती नॉर्डिक एम्प्रेस म्हणून, नामकरण केलं गायिका ग्लोरिया एस्टेफानने. २००४ मध्ये झाली एम्प्रेस ऑफ द सीज. २००८ मध्ये पुलमंतूर या स्पॅनिश कंपनीकडे गेली, नुसती एम्प्रेस. २०१६ मध्ये परत रॉयल कॅरिबियनकडे, नाव परत जुनं, आणि २०१७ पासून फ्लोरिडाहून क्यूबाच्या फेऱ्या, त्या २०१९ मध्ये अमेरिकन सरकारने बंद करायला लावल्या. मग कोविड, कंपनीने बोट विकली, आणि सप्टेंबर २०२१ पासून ती मुंबईहून सुटायला लागली.

तारखांत एक खोच आहे. जहाज पाण्यात उतरवलं ती तारीख, कंपनीच्या ताब्यात दिलं ती, आणि पहिला प्रवास झाला ती, तिन्ही वेगळ्या असतात आणि त्यांत काही महिने सहज जातात, म्हणून दोन साइटवर दोन तारखा दिसल्या की एक खोडू नका, कोणती कशाची ते लिहा.

आणि ग्रॉस टनेज! ४८,५६३ हा आकडा बघून सगळी पोरं ‘वजन ४८,५६३ टन’ लिहितात, मोठेही लिहितात. ते वजन नाहीच, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेलं माप आहे.

एआयला विचारून आयता निबंध घेऊ नका, दोन एम्प्रेस एकत्र कालवून देईल. कंपनीची जुनी पानं वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणारी साइट) बघा, तिथे त्या काळच्या फेऱ्याही सापडतात.

चार्ट काय, सगळ्यांना येतो. फक्त प्रत्येक फोटोखाली आजचं नाव न लिहिता फोटो काढला तेव्हाचं नाव आणि साल लिहायला लावा.