विशेष गरज असलेल्या मुलाला योग्य शाळा मिळवताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पालकांसाठी

‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’ हे ऐकून पालक शाळेच्या दारातून परत फिरतात आणि मुलाचं वर्ष जातं. शाळेला असं म्हणायचा अधिकार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 16 प्रमाणे सरकारी असो, अनुदानित असो की मान्यताप्राप्त खासगी, अपंगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 31 त्याच्याही पुढे जातं. ज्याचं अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, अशा 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं ते भत्ते, साधनं आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी. म्हणून प्रवेश आणि प्रमाणपत्र ही दोन्ही कामं एकदमच, शक्यतो जानेवारीत सुरू करा. जूनच्या तोंडावर धावपळ केली की हवी ती शाळा हातची जाते.

माध्यमाचा निर्णय सगळ्यात आधी

आपल्याकडे हा निर्णय इतर जिल्ह्यांपेक्षा अवघड आहे. मराठी शाळेतल्या मुलाला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या शिकाव्या लागतात. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची आहे. ज्याला अक्षरओळखच जड जाते किंवा ज्याचं बोलणं उशिरा आलंय, त्याच्यावर हे ओझं तिप्पट पडतं.

बोलण्यातला उशीर, स्वमग्नता किंवा बौद्धिक अपंगत्व असेल, तर घरात जी भाषा बोलली जाते त्याच माध्यमात घाला, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूल मागे पडू नये म्हणून त्याला कॉन्व्हेंटमध्ये घालायचा नातेवाइकांचा आग्रह असतो. पण वर्गात बाई काय म्हणतात तेच कळलं नाही, तर मूल गप्प बसतं, नाहीतर उठून फिरायला लागतं. मग शाळा त्याला ‘त्रासदायक’ ठरवते. थेरपीही त्याच भाषेत चालली पाहिजे. थेरपिस्ट कन्नड बोलणारे असतील, तर घरी करायचे शब्द आणि वाक्यं मराठीत लिहून मागा.

दृष्टिहीन मुलांची गोष्ट थोडी वेगळी. भारती ब्रेलमध्ये बहुतेक अक्षरांचे ठिपके सगळ्या भारतीय भाषांत सारखेच असतात. त्यामुळे कन्नड शाळेत ब्रेल शिकलेलं मूल मराठी ब्रेल लवकर उचलतं. फक्त महाराष्ट्रातली ब्रेल पुस्तकं आणून भागत नाही, कारण इथल्या मराठी शाळांना कर्नाटकाची पुस्तकं आणि कर्नाटकाचाच अभ्यासक्रम आहे. कर्णबधिर मुलाच्या बाबतीत, शाळेत भारतीय सांकेतिक भाषा शिकवतात का, हा पहिला प्रश्न विचारा. शिकवत असतील तर आई-वडील, भावंडं, आजी सगळ्यांनी ती शिकायला हवी, नाहीतर घरी आल्यावर मूल एकटं पडतं.

तीन भाषांवर कायद्यातच वाट आहे. दिव्यांग कायद्याच्या कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक यांच्याबरोबर दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हीही गोष्ट नोंदलेली आहे. आमचा सल्ला असा की सूट लेखी परीक्षेपुरती मागा, कन्नड बोलणं सोडू नका. बस, बाजार, दवाखाना, पंचायत, सगळीकडे ती भाषा मुलाला लागणार आहे.

प्रमाणपत्र आणि चाचणी

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, करायचा. आधार, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. मग पोर्टलवर निवडलेल्या रुग्णालयात, म्हणजे बहुतेकदा बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात, तपासणी होते. ऑनलाइन जमत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठा. सगळे त्यांना व्हीआरडब्ल्यू म्हणतात. तालुका पंचायतीत त्यांच्यावर एमआरडब्ल्यू असतात. अर्ज भरून देणं आणि शिबिराची तारीख कळवणं हे त्यांचंच काम आहे.

अडकतं ते बहुतेक नावापाशी. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या सॅट्स (विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन) नोंदीत तिसरं. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना ‘ज्योतिबा’चा ‘जोतिबा’ होतो आणि पुढे भत्ता अडतो. युडीआयडीचा अर्ज करण्याआधी जन्मदाखला आणि आधार जुळवून घ्या. कार्ड निघाल्यावर दुरुस्तीला जास्त वेळ जातो.

बुद्ध्यांकाची चाचणी कोणत्या भाषेत घेणार, ते आधी विचारा. चित्रातली छत्री ओळखणारं मूल प्रश्न कन्नडमध्ये आला की गप्प राहतं आणि त्या प्रश्नाला शून्य पडतं. असे दहा प्रश्न झाले की मूल आहे त्यापेक्षा खालच्या गटात जातं आणि त्या आकड्यावर त्याची शाळा ठरते. मराठी येणारे मानसशास्त्रज्ञ नसतील तर दुभाषी मागा आणि चाचणी कोणत्या भाषेत झाली ते अहवालात लिहून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक अपंगत्वाचं कायमचं प्रमाणपत्र मिळत नाही, पाचनंतर पुन्हा तपासणी होते. वाचन-लेखन-गणिताच्या अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. तोवर शिक्षकांची लेखी निरीक्षणं आणि मुलाच्या जुन्या वह्या जपून ठेवा, पुढे त्याच कामाला येतात.

शाळा बघायला जाताना

शाळा भरलेली असताना जा, मुलाला घेऊन जा आणि मोजायची टेप न्या. दरवाजा 90 सेंटिमीटर रुंद नसेल तर व्हीलचेअर अडकते. रॅम्पचा चढ 1:12 हवा, म्हणजे 15 सेंटिमीटरच्या एका पायरीला 1.8 मीटर लांब रॅम्प. अनेक ठिकाणी तीन पायऱ्यांना दीड मीटरचा रॅम्प ओतलेला दिसतो. त्यावरून खुर्ची ढकलताना ती मागे घसरते. खानापूर भागात पावसाळ्यात शेवाळ चढतं, म्हणून रॅम्पचा पृष्ठभाग खरबरीत आहे का आणि कठडा आहे का तेही बघा. शौचालय उघडून बघा. कडी आतून मुलाच्या हाताला येते का, आत वळायला जागा आहे का, पाणी आहे का? कितीतरी मुली शौचालयाची सोय नसल्यामुळे दिवसभर पाणी पीत नाहीत.

मग मुख्याध्यापकांना विचारा: वर्गात मुलं किती, शिक्षक किती, बीआयईआरटी शेवटचे कधी आले होते? बीआयईआरटी म्हणजे तालुक्याचे समावेशक शिक्षणाचे विशेष शिक्षक, त्यांचं ऑफिस तालुक्याच्या साधन केंद्रात, म्हणजे बीआरसीमध्ये, असतं. ‘आमच्याकडे स्पेशल टीचर नाहीत’ म्हणून नकार मिळाला तर हेच नाव घ्या. ते गटातल्या शाळांना भेटी देतात आणि वर्गशिक्षकांना मार्गदर्शन करतात. वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत असतात, ही अडचण खरी आहे. पण पंधरा मुलांच्या त्या खोलीत जीव लावणारे गुरुजी असतील, तर साठ मुलांच्या नावाजलेल्या शाळेपेक्षा ती चांगली.

विशेष शाळा निवडत असाल तर दोन कागद बघा: दिव्यांग कायद्याखालची संस्थेची नोंदणी आणि शिक्षकांची पुनर्वसन परिषदेची नोंदणी. नोंदणी नसलेल्या ठिकाणी मूल ‘सांभाळलं’ जातं, शिकवलं जात नाही.

खासगी शाळेतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) मोफत जागांवर विसंबू नका. 2019 पासून कर्नाटकात जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या जागांचा फारसा उपयोग राहिलेला नाही.

अर्ज लेखीच द्या

नकार जवळजवळ नेहमी तोंडी असतो, म्हणून अर्ज कागदावर द्या. मजकूर छोटा ठेवा: “माझी मुलगी, वय 7 वर्षे, हिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिला यंदा दुसरीत प्रवेश द्यावा. वर्ग तळमजल्यावर असावा, लिहायला जादा वेळ मिळावा आणि बीआयईआरटी यांच्या नियमित भेटी व्हाव्यात. प्रवेश देणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.” शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण लेखी नकार द्यायला कोणी धजत नाही. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा, ऑफिसमध्ये फाईल लवकर पुढे सरकते. झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा.

दहा वर्षांचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल, तरी त्याला पहिलीत बसवायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वयानुसार वर्ग आणि वेगळं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. जन्मदाखला किंवा टीसी नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही.

उत्तर नाही आलं तर सीआरपींकडे (शाळांच्या समूहाचे साधन व्यक्ती), मग बीईओंकडे (तालुक्याचे शिक्षणाधिकारी), मग डीडीपीआयकडे (शैक्षणिक जिल्ह्याचे उपसंचालक) जा. इथे एक चूक वारंवार होते. जिल्हा एकच असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, अथणी भागाची तक्रार चिक्कोडीच्या डीडीपीआयकडे जाते, बेळगाव आणि खानापूरची बेळगावच्या. विकलचेतन (दिव्यांग) कल्याण अधिकाऱ्यांचं जिल्हा ऑफिस मात्र सगळ्यांसाठी बेळगावातच आहे. त्यापुढे बेंगळुरूत दिव्यांग आयुक्तांकडे आणि राज्य बालहक्क आयोगाकडे टपालाने तक्रार करता येते.

मूल घराबाहेर पडूच शकत नसेल तर गृहाधारित शिक्षण मागा. त्यात नाव शाळेच्या पटावरच राहतं आणि शिक्षक घरी येतात. नाव पटावरून काढू देऊ नका, साधनं आणि भत्ते त्या नावावरच येतात. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलींना महिन्याला 200 रुपये दहा महिने मिळतात. सोबत्याचा भत्ता आणि प्रवासभत्ताही असतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. सोबत आई जात असेल, तर शक्ती योजनेमुळे राज्यातल्या साध्या बसला तिला तिकीट लागत नाही.

सीमेपलीकडची शाळा

चंदगड, गडहिंग्लज, कागल जवळ वाटतात आणि तिथे कन्नडचा प्रश्न नसतो. तरी आधी हिशोब घाला. युडीआयडी देशभर चालतं, पण पेन्शन, राज्याची शिष्यवृत्ती आणि साधनं राहत्या राज्याकडूनच येतात. सीमेपलीकडे शक्तीच्या मोफत प्रवासावर विसंबू नका. टीसीवर बीईओंची प्रतिस्वाक्षरी करून घ्या. आणि पुढे कर्नाटकात सीईटी या प्रवेश परीक्षेतून जागा हवी असेल, तर साधारणपणे किमान सात वर्षं इथे शिकल्याची अट असते.

सातवी आणि दहावी

गावातली शाळा पाचवी किंवा सातवीला संपते आणि हायस्कूल दूर असतं. बरीच मुलं इथेच गळतात, म्हणून पुढच्या शाळेचा शोध सहावीतच सुरू करा. दहावीच्या सवलतींचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत परीक्षा मंडळाकडे जातो. त्याची कागदपत्रं नववीतच तयार ठेवा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक लागणार असेल तर सहामाहीपासूनच त्याच्याबरोबर सराव करू द्या. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते मार्चमध्ये अचानक येत नाही. नियमित दहावी झेपत नसेल तर मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, मराठी माध्यमात आहे. तिथे पाच विषय घ्यायचे आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक करून सोडवायचे.