वर्गात दाखवण्याजोगी चित्रफीत कशी पारखावी

कोणती अध्ययन निष्पत्ती (पाठानंतर मुलांना काय यायला हवे ते) साधायची आहे, हे आधीच ठरलेले आहे असे गृहीत धरतो. शोधाची सुरुवात पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि दीक्षा हे शालेय साहित्याचे सरकारी व्यासपीठ यांपासून करावी. आभासी प्रयोग हवा असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट (PhET) हे संकेतस्थळ पाहावे, तेथील अनेक प्रयोग मराठीतही आहेत. चित्रफीत किती लाख लोकांनी पाहिली, या आकड्याकडे मुळीच लक्ष देऊ नये.

खरी अडचण अचूकता तपासताना येते. ‘निवेदन पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अपुरा आहे, हे मला उशिरा कळले. ऋतू कसे होतात हे समजावणारी एक देखणी चित्रफीत मी सलग दोन वर्षे दाखवली. पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल निवेदनात अगदी नीट सांगितला होता, तरीही चाचणीत बऱ्याच मुलांनी ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते’ असेच लिहिले. कक्षा तिरकस कोनातून दाखवल्यामुळे ती काकडीसारखी लांबट दिसत होती आणि मुलांनी त्या चित्रावरून आपला निष्कर्ष काढला होता. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्याकडच्या ऐन थंडीत. तेव्हाचे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते, तर जुलैच्या सुरुवातीला ते सुमारे १५.२ कोटी होते. जेमतेम तीन-साडेतीन टक्क्यांचा हा फरक पडद्यावर दुपटीचा वाटत होता.

म्हणून चित्रफीत प्रथम आवाज बंद करून पाहावी, नुसत्या चित्रांवरून काय समजले ते एका वाक्यात लिहावे आणि मगच निवेदन ऐकावे. दोन्ही जुळत नसतील तर ती बाद करावी. दुसरी मिळतच नसेल, तर नेमक्या त्या दृश्यावर थांबून ‘मग जानेवारीत थंडी का?’ असे मुलांनाच विचारावे. ही मूक तपासणी शिक्षकाने एकट्याने करून भागत नाही. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे आपल्याला चित्रातली चूक दिसत नाही. पाठ न शिकलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना ती दाखवून त्यांचे वाक्य लिहून घ्यावे.

परवाना पाहावा: क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल नकोत) प्रकारातील साहित्य कापून किंवा बदलून इतरांना वाटता येत नाही. फाईल आदल्या दिवशीच उतरवून घ्यावी आणि वर्गातल्याच स्पीकरवर लावून शेवटच्या बाकावरून ऐकून पाहावी.